१९२४ ची बुगाटी टाईप ३५ आणि आजची स्विफ्ट: अश्वशक्ती जवळपास सारखी, मग फरक कुठे आहे?

पुण्यात ऑटोमोबाइल अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: १९२४ साली शर्यतीत उतरलेल्या बुगाटी टाईप ३५ चे इंजिन सुमारे ९० अश्वशक्तीचे होते आणि आज आपल्या घरासमोर उभी असणारी मारुती स्विफ्ट ८२ अश्वशक्तीच्या आसपास आहे. मग शंभर वर्षांत नेमके काय बदलले, दोन्ही गाड्या एकत्र सोडल्या तर पुढे कोण जाईल, आणि आजच्या गाडीवर शिकलेल्या माणसाला ती जुनी गाडी चालवता येईल का?

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनांच्या कामाला लागलो आणि पुढे बरीच वर्षे इंग्लंडमधील एका जुन्या गाड्यांच्या कार्यशाळेत शर्यतीची इंजिने उतरवण्याचे व बांधण्याचे काम केले. टाईप ३५ माझ्या हाताखालून अनेकदा गेली आहे आणि घरी मी स्विफ्टच वापरतो, त्यामुळे दोन्हींबद्दल हाताने अनुभवलेले लिहितो.

आधी आकड्यांकडे पाहू, कारण प्रश्न तिथूनच निघाला आहे. टाईप ३५ चे इंजिन एका रांगेत आठ सिलिंडरचे, ६० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ८८ मिमी स्ट्रोकचे (पिस्टनची वर-खाली धाव), म्हणजे १९९१ सीसीचे आहे. २०२४ च्या स्विफ्टचे इंजिन तीन सिलिंडरचे आणि ११९७ सीसीचे आहे. दर लिटरमागे हिशेब केला तर बुगाटी ४५ अश्वशक्ती देते आणि स्विफ्ट ६८ च्या आसपास. आपल्या रोजच्या, बायकामुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीचे इंजिन दर लिटरमागे त्या काळच्या ग्रां प्री गाडीच्या दीडपट ताकद काढते आणि तेही पंपावरच्या साध्या पेट्रोलवर, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. १९२४ साली इंधनाचा नोकिंगला, म्हणजे सिलिंडरमध्ये अवेळी भडका उडण्याला, होणारा विरोध मोजण्याची ऑक्टेनची पद्धतसुद्धा अस्तित्वात नव्हती. त्यामुळे तेव्हाचा अभियंता कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या मिश्रणाचा दाब, कमी ठेवत असे आणि ताकद काढण्यासाठी आरपीएम वाढवत असे.

ही गाडी बनवणाऱ्या एत्तोर बुगाटीने तेच केले. साध्या बेअरिंगचा क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरण्यात बदलणारा दांडा) त्या वेगाला तग धरणार नाही म्हणून त्याने बॉल आणि रोलर बेअरिंगवर फिरणारा, तुकड्या-तुकड्यांतून जोडलेला क्रँक बनवला आणि त्यावर अखंड कनेक्टिंग रॉड बसवले. कनेक्टिंग रॉडचे मोठे टोक दोन भागांत उघडत नाही, त्यामुळे रॉड काढायचा तर क्रँक सुटा करावा लागतो. सिलिंडरचा हेडही वेगळा नाही. चार-चार सिलिंडरचे दोन ब्लॉक आणि त्यांचे हेड एकाच ओतकामात आहेत. साधे व्हॉल्व्ह घासायचे म्हटले तरी अख्खा ब्लॉक वर उचलावा लागतो आणि तो परत खाली बसवताना चार पिस्टनच्या रिंगा एकाच वेळी दाबून धरत तो इंच-इंच उतरवावा लागतो. आमच्या कार्यशाळेत या कामाला तीन माणसे लागत आणि त्या वेळी कुणी बोलत नसे.

क्रँकच्या वंगणाची व्यवस्थाही समजून घेण्यासारखी आहे. आजच्या इंजिनात दाबाखालचे तेल क्रँकच्या पोटातल्या छिद्रांतून प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोहोचते. टाईप ३५ मध्ये जेटमधून तेलाची बारीक धार क्रँकच्या बाजूला कोरलेल्या गोल खाचेवर पडते आणि क्रँक फिरला की ते तेल बाहेरच्या दिशेने फेकले जाऊन रोलरपर्यंत जाते. व्यवस्था सुंदर आहे, परंतु तेलातला कचरा आणि काजळीही त्याच बलाने त्याच खाचेत साचते व दाबून घट्ट होते. काही काळाने वाट अरुंद होते, रोलरला तेल कमी पडते आणि बाहेरून यातले काहीही दिसत नाही. म्हणूनच हे इंजिन ठरावीक तास चालल्यावर, त्यातून कसलाही आवाज येत नसला तरी, उघडावेच लागते. आवाज येईपर्यंत थांबणाऱ्या मालकाला नंतर क्रँकच नवा करावा लागतो. गाडी प्रत्यक्ष पळवणारे कितीतरी मालक आज साध्या बेअरिंगचा आधुनिक क्रँक बसवून घेतात आणि मूळ क्रँक फडताळात जपून ठेवतात. माझ्या मते तो शहाणपणाचा निर्णय आहे.

ताकदीचा आकडा सारखा असला तरी ती ताकद किती तास आणि किती देखभालीवर मिळते हे पाहिल्याशिवाय तुलना पुरी होत नाही, असे माझे ठाम मत आहे. सिसिलीतील टार्गा फ्लोरिओ ही शर्यत बुगाटीने १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे जिंकली. १९२८ ची शर्यत १०८ किमीच्या डोंगरी मार्गाच्या पाच फेऱ्यांची, म्हणजे ५४० किमीची होती आणि विजेत्याला सात तासांहून थोडा अधिक वेळ लागला. त्या काळासाठी हा टिकाऊपणा असामान्य होता. आता स्विफ्टचा हिशेब पाहा: ताशी ४० किमी सरासरीने एक लाख किमी म्हणजे २५०० तास झाले आणि तेवढ्या काळात तेल, फिल्टर, प्लग आणि कूलंट यांपलीकडे इंजिनाला कुणी हात लावलेला नसतो. वेळेवर तेल बदललेले असे इंजिन उघडले तर बोअरमध्ये होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात केलेल्या बारीक घासकामाच्या, आडव्यातिडव्या रेषा बऱ्याचदा अजून दिसतात. ते यश धातूंचे, अचूक यंत्रकामाचे, तेलातल्या रसायनांचे आणि तेल गाळणाऱ्या त्या छोट्याशा फिल्टरचेही आहे.

आता दोन्ही गाड्या एकत्र सोडल्या तर काय होईल ते पाहू. टाईप ३५ चे वजन ७५० किलोंच्या आसपास आहे आणि स्विफ्टचे सव्वानऊशे किलोंच्या आसपास. ७५ किलोंचा चालक धरला तर बुगाटीला टनामागे सुमारे १०९ आणि स्विफ्टला ८२ अश्वशक्ती मिळते. कोरड्या सरळ रस्त्यावर चालक सराईत असेल तर बुगाटी पुढे निघेल. वरच्या वेगालाही तीच पुढे राहील, कारण ती ताशी १८० किमीच्या पुढे जाते आणि स्विफ्टचे वरचे गिअर ॲव्हरेजसाठी लांब ठेवलेले आहेत. शंभर वर्षांपूर्वीची गाडी आजच्या गाडीला सरळ रस्त्यावर मागे टाकते हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते, पण वजन कमी असण्याचा फायदा कोणत्याही काळात तोच असतो. टाईप ३५ च्या चासीची पट्टीसुद्धा सगळीकडे सारख्या उंचीची नाही. भार जास्त तिथे उंच आणि टोकांकडे निमुळती, असा एकेक किलो विचार करून वाचवला आहे. पुढचा ॲक्सल पोकळ आहे आणि स्प्रिंगच्या पट्ट्या त्यालाच पाडलेल्या चौकोनी भोकांतून आरपार जातात. घडाईचे असे काम मी दुसऱ्या कोणत्याही गाडीत पाहिलेले नाही.

मात्र पहिले वळण आले की चित्र पालटते, आणि त्याचे कारण इंजिनात शोधून सापडणार नाही. ते टायरमध्ये आहे. टाईप ३५ पहिल्यांदा ३ ऑगस्ट १९२४ रोजी लियाँच्या ग्रां प्रीमध्ये उतरली, तेव्हा तिच्यासाठी खास बनवलेल्या टायरांचे वरचे पट्टेच शर्यतीत सुटून आले. ती शर्यत अल्फा रोमिओ पी२ चालवणाऱ्या जुझेप्पे कँपारीने जिंकली आणि नव्या बुगाटी बऱ्याच मागे राहिल्या. गाडीत दोष नव्हता. पुढची पाच-सहा वर्षे तिनेच युरोपभर शर्यती गाजवल्या, पण त्या दिवशी रबराने तिला दगा दिला. त्या टायरांची रुंदी ९० मिमीच्या घरात होती, तर स्विफ्टला १६५ किंवा १८५ मिमी रुंदीचे रेडियल टायर येतात. रेडियल रचना मिशलॅंने १९४६ साली पेटंट केली. तिच्यामुळे टायरची बाजू वाकते, पण जमिनीला टेकणारा भाग सपाट राहतो आणि वळणावरही पकड सुटत नाही.

ब्रेकचा फरक साध्या गणिताने दाखवता येतो. ताशी १०० किमी वेगाने जाणारी गाडी ०.९ जी मंदनाने (गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट जोराने वेग कमी होत) थांबली तर साधारण ४४ मीटर अंतर लागते आणि ०.५ जी ने थांबली तर ७९ मीटर. पहिला आकडा आजच्या छोट्या गाडीला कोरड्या डांबरी रस्त्यावर सहज शक्य आहे. दुसरा आकडा तारेने ओढल्या जाणाऱ्या ड्रम ब्रेकच्या जुन्या गाडीला, सगळे जुळून आले असेल तरच, मिळतो. फरक ३५ मीटरचा आहे, म्हणजे तीन एसटी बस एकामागे एक उभ्या कराव्यात एवढा. शिवाय हा एका ब्रेकचा हिशेब झाला. डोंगर उतरताना चौथ्या-पाचव्या वळणावर ड्रम तापतात, पायाला तोच जोर लावूनही गाडी थांबत नाही, आणि चार चाकांच्या तारा सारख्या ताणात नसतील तर गाडी एका बाजूला ओढते. स्विफ्टमध्ये पुढे डिस्क आहेत, पाय नुसता टेकवला तरी पुरेल असा बूस्टर आहे, चाक जॅम होऊ न देणारी एबीएस आहे आणि गाडी घसरू लागली तर एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावणारी ईएसपी आहे. त्यामुळे वळणावळणाच्या घाटात, विशेषतः पावसात, स्विफ्ट पुढे जाईल आणि तिला गाठणे बुगाटीच्या उत्तम चालकालाही जमणार नाही.

जुन्या गाडीच्या बाजूने इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या अरुंद टायरांची पकड कमी आहे, पण ती एकदम सुटत नाही. गाडी हळूहळू बाजूला सरकू लागते, स्टीअरिंग हलके पडते, पाठीला सीटमधून ते आधी कळते आणि चालक ॲक्सिलरेटर कमीजास्त करून तिला सावरू शकतो. इतकी स्पष्ट सूचना आजची साधी गाडी देत नाही, कारण तिची पकड खूप उशिरापर्यंत टिकते आणि सुटते तेव्हा वेग बराच वाढलेला असतो. एलिश्का युनकोव्हा या चेक महिला चालकाने १९२८ च्या टार्गा फ्लोरिओत टाईप ३५बी, म्हणजे याच गाडीची सुपरचार्जरवाली अधिक ताकदीची आवृत्ती, चालवली. त्याआधी तिने तो १०८ किमीचा मार्ग खुणा लक्षात ठेवत पायी पालथा घातला होता. शर्यतीत काही काळ ती सर्वांत पुढे होती आणि शेवटी पाचवी आली. गाडी जे सांगते ते ऐकणारा आणि रस्ता पाठ असलेला चालक असेल तर या गाडीतून काय निघू शकते, याचे माझ्या दृष्टीने हे सर्वांत मोठे उदाहरण आहे.

सुरक्षिततेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. टाईप ३५ मध्ये सीट बेल्ट नाही, छप्पर नाही आणि चालकाच्या पाठीमागे हवेच्या दाबाखालची पेट्रोलची टाकी आहे. आजच्या स्विफ्टमध्ये सहा एअरबॅग आहेत आणि समोरून धडक बसली तर पुढचा भाग ठरवून चुरगळतो. ही तुलना होऊच शकत नाही. त्या काळात अनेक चांगले चालक गेले, हे जुन्या गाड्यांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवले पाहिजे.

चालवण्यातला फरक मात्र सविस्तर सांगतो, कारण प्रश्नाचा शेवटचा भाग तोच आहे. स्विफ्टमध्ये आपण चावी फिरवतो किंवा बटण दाबतो. त्या क्षणी हवेचे तापमान, कूलंटचे तापमान, क्रँकची स्थिती हे सगळे संगणक वाचतो आणि पेट्रोल किती व ठिणगी कधी, ते ठरवतो. महाबळेश्वरच्या थंड सकाळी आणि नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी ती सारखीच चालू होते. टाईप ३५ मध्ये ही सगळी कामे माणसाची आहेत. आदल्या दिवशी तेल बदललेले, ग्रीस भरलेले असते. सकाळी आधी मऊ, म्हणजे लवकर तापणारे प्लग लावायचे. डॅशबोर्डवरच्या हातपंपाने टाकीत हवेचा दाब भरायचा, कार्ब्युरेटर भरून थोडे पेट्रोल ओघळेपर्यंत फ्लोट दाबायचा, मॅग्नेटोची (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या यंत्राची) ठिणगी मागे घ्यायची, म्हणजे ती थोडी उशिरा पडेल असे करायचे, आणि मग हँडल मारायचे. इंजिन पकडले की ठिणगी हळूहळू पुढे आणायची, तेल चांगले तापेपर्यंत आरपीएम चढू द्यायचे नाही, आणि इंजिन तापल्यावर ते बंद करून आठही प्लग काढून शर्यतीचे कडक प्लग लावायचे. मऊ प्लगवरच जोरात पळवले तर प्लगचे टोक लालभडक होऊन पिस्टनला भोक पडू शकते. या गाडीच्या एक्झॉस्टच्या आवाजाला इंग्रज शौकीन कॅलिको कापड फाडल्याचा आवाज म्हणतात. कॅलिको म्हणजे कालिकतवरून नाव पडलेले सुती कापड, आपल्याकडचा मांजरपाट म्हणा. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला खरोखर दुकानातला कापडाचा गठ्ठा आठवला होता.

गिअरचा दांडा बॉडीच्या बाहेर, उजव्या हाताला आहे. गिअरपेटीत सिंक्रोमेश, म्हणजे गिअरांचे वेग आपोआप जुळवणारी व्यवस्था, नाही, त्यामुळे खालचा गिअर घेताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरचा नेमका झटका, पुन्हा क्लच आणि मग गिअर, असे करावे लागते. जुने ट्रक चालवलेल्या आपल्याकडच्या चालकांना हे चांगले ठाऊक आहे. क्लचच्या अनेक चकत्या तेलात बुडालेल्या असतात. तेल थंड असले की त्या एकमेकींना चिकटतात आणि क्लच पूर्ण दाबूनही पहिला गिअर करकरतो. १९२९ च्या पहिल्या मोनॅको ग्रां प्रीमध्ये विल्यम ग्रोव्हर-विल्यम्सने टाईप ३५बी याच पद्धतीने १०० फेऱ्या, म्हणजे ३१८ किमी, जवळपास चार तास चालवली आणि ताशी ८० किमीच्या सरासरीने शर्यत जिंकली. सरासरी आज लहान वाटेल, पण त्या अरुंद गल्ल्यांमध्ये तळहात सोलवटून काढणारे किती गिअर बदल त्यात असतील, याची कल्पना ती गाडी चालवल्याशिवाय येत नाही.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. ग्लॉस्टरशरमध्ये प्रेस्कॉट नावाची टेकडी आहे, तिथल्या चढाच्या मार्गावर एकेक गाडी वेळ लावून सोडतात. एका ग्राहकाच्या गाडीची चाचणी घेताना मी सगळे लक्ष गिअरकडे दिले आणि टाकीतला दाब पाहायचा विसरलो. मध्यावर पुरवठा कमी पडला, मिश्रण पातळ झाले, इंजिन खोकू लागले आणि मी डाव्या हाताने पंप मारत, उजव्या हाताने स्टीअरिंग धरत कसाबसा वर पोहोचलो. नंतर पिस्टन तपासले. सुदैवाने काही बिघडले नव्हते. स्विफ्टमध्ये हे काम टाकीतला विजेचा पंप वर्षानुवर्षे करतो आणि तो आहे याची आठवणही आपल्याला येत नाही.

भारतात अशी गाडी ठेवण्याचा विचार असेल तर दोन गोष्टी लक्षात घ्या. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीला विंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते, पण ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल, इंधन भरणे अशा कारणांसाठीच आणता येते. दुसरी गोष्ट पेट्रोलची. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि आजच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत. जुन्या गाडीत इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, जुने रबर आणि कॉर्क सैल पाडते आणि तेवढ्याच जेटवर मिश्रण पातळ करते. त्यामुळे जेट मोठे करावे लागतात, नळ्या व सील बदलाव्या लागतात आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावे लागतात.

चालवता येईल का, या प्रश्नाचे माझे उत्तर होय असे आहे, मात्र सरावानंतर. फ्रान्समधील मुलूझ येथील संग्रहालयात शंभराहून अधिक बुगाटी एकत्र पाहायला मिळतात. तिथे टाईप ३५ चे आठ आऱ्यांचे ॲल्युमिनियमचे चाक नीट पाहा. ब्रेकचा ड्रम त्या चाकातच ओतलेला आहे, त्यामुळे शर्यतीत चाक बदलताना ब्रेकची लायनिंग किती उरली तेही मेकॅनिकला दिसत असे. सिंक्रोमेश नसलेला एखादा जुना ट्रक किंवा जीप मिळाली तर तिच्यावर दुहेरी क्लचचा सराव करा, इतका की आवाज न येता खालचा गिअर पडला पाहिजे. आणि पुढे कधी कुणी विश्वासाने तुमच्या हातात अशा गाडीचे हँडल दिले, तर आधी ठिणगी मागे घेतली आहे याची स्वतः खात्री करा, हँडल खाली ढकलू नका, नेहमी वर ओढा, आणि अंगठा दांड्याभोवती न वळवता बाकीच्या चार बोटांच्या बाजूलाच ठेवा. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल बोटांतून सुटून जाते. अंगठा आड असेल तर तो मोडतो.